आधी खुंटी, मग जाळे

जमिनीखाली पाणी कुठे लागेल हे सांगणाऱ्या माणसांची आपल्याकडे कधीच वाण पडलेली नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात आपल्या 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचा एक आख्खा अध्याय या विषयाला दिला. कोणत्या झाडाशेजारी वारूळ असले म्हणजे कोणत्या दिशेला आणि किती पुरुष खोल पाणी लागते, याचा तपशील तिथे सापडतो. आजही खेडोपाडी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरतो, नारळ उभा राहिला की 'इथं' म्हणतो आणि बोअरची गाडी येण्याच्या आत पुढच्या गावची वाट धरतो. शहरात बसून त्याची थट्टा करणे सोपे आहे. ज्याच्या विहिरीचा तळ मार्गशीर्षातच दिसू लागतो त्याला ती थट्टा सुचत नाही, इतकेच.

पाणाड्याच्या जागी आता यंत्र आले आहे. पण यंत्र आले म्हणजे डोळे मिटून विश्वास टाकावा असे मुळीच नाही. यंत्र जमिनीत वीज सोडते, आकडे गोळा करते, ते आकडे संगणकाला देते आणि संगणक जमिनीच्या पोटाचे रंगीत चित्र काढून देतो. ते चित्र खरे की खोटे हे पुष्कळदा एका अगदी साध्या गोष्टीवर ठरते. आपण जमिनीत जिथे खुंटी ठोकली, नेमकी तिथेच संगणकातल्या जाळ्याची गाठ आहे की नाही? भाषा शिकवणाऱ्याने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. माझ्या मामेभावाच्या रानात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तो समजून घेतल्यावाचून मला राहवले नाही.

माझे आजोळ बारामती तालुक्यातले माळेगाव बुद्रुक. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि या भागाचे दोन तुकडे झाले, कालव्याखालचे आणि कालव्यावरचे. खालच्या अंगाला ऊस, पाटाच्या चाऱ्या, आणि हंगामात सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. वरच्या अंगाला मुरूम, कुसळे आणि आभाळाकडे लागलेले डोळे. मामेभावाचे चार एकर रान वरच्या अंगाला. त्याने दोन बोअर घेतली होती, एक दोनशे दहा फुटांचे आणि दुसरे तीनशे चाळीस फुटांचे. दोन्ही वेळा नुसता पांढरा फुफाटा उडाला. बोअरवाला फुटावर पैसे घेतो, पाण्यावर नाही. तिसरे बोअर घ्यायचे तर सोसायटीचे कर्ज काढायचे, आणि तेही कोरडे गेले तर रानच विकायचे, इथवर गोष्ट आलेली. अशा वेळी भूभौतिकीचा अभ्यास करणारा एक तरुण, माझ्या एका विद्यार्थ्याचा मित्र, दोन सोबती आणि एक पेटी घेऊन रानात उतरला.

बारामतीचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि आपला बहुतेक महाराष्ट्र त्यांच्यावर उभा राहिला. हा दगड अखंड असेल तर त्यात पाण्याला शिरकाव नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, झिजलेल्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात आणि आपले विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकात. म्हणजे इथे पाण्याचा एकसलग साठा नाही, खिसे आहेत. एका बांधावरची विहीर तुडुंब आणि शेजारची ठणठणीत, हे कोडे त्यातून सुटते. खिसा नेमका कुठे आहे ते कळले तर साठ फुटांतही पाणी मिळते. तो चुकला तर चारशे फूट खाली जाऊनही फुफाटाच.

हा खिसा विजेला कळतो. अखंड पाषाण विजेला फार अडवतो, ओला मुरूम कमी अडवतो. या अडवणुकीला शास्त्रज्ञ विशिष्ट रोध म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. पाणी मुरलेला झिजका खडक ढोबळमानाने वीस ते चाळीसच्या घरात भरतो, तर घट्ट काळा दगड शंभराच्या वर, पुष्कळदा शेकड्यांत जातो. ही युक्ती नवी नाही. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे याने १९१२ साली नॉर्मंडीतल्या आपल्या घरच्या जमिनीत वीज सोडून तिचे नकाशे काढले, आणि अमेरिकेत फ्रँक वेन्नर याने १९१५ साली चार खुंट्यांची सोपी रीत सांगितली. एका सरळ रेषेत सारख्या अंतरावर चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, कडेच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि मधल्या दोघींत किती व्होल्टचा फरक पडतो तो मोजायचा. खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले की वीज अधिकाधिक खोल फिरून येते आणि खोलवरची बातमी आणते.

पेटीवाल्या मंडळींजवळ चारच्या जागी अठ्ठेचाळीस खुंट्या होत्या. दर पाच मीटरला एक, म्हणजे रेषा २३५ मीटर लांब. जाड केबल अंथरली, घणाने खुंट्या ठोकल्या, आणि मुरूम कोरडा म्हणून प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतले. मामेभावाने ते पाहून कपाळाला हात लावला. "भाऊ, हे पाणी हुडकायला आलेत का आमचं हाय ते संपवायला?" तो मला म्हणाला. त्यानंतर तीन तास पेटी आपोआप चार-चार खुंट्या निवडून मोजणी करीत राहिली.

एवढ्यात एक क्षुल्लक गोष्ट घडली. सतरावी खुंटी ८० मीटरवर यायला हवी होती, पण तिथे बांधाचे दगड रचलेले. पहार लावली तरी दगड हलेना. तेव्हा ती खुंटी दीड मीटर पुढे, ८१.५ वर ठोकली. तेविसावीच्या जागी खडक उघडा पडलेला, म्हणून ती एक मीटर अलीकडे घेतली. सोबत्याने वहीत दोन्ही अंतरे लिहून ठेवली. रानात अशी तडजोड रोजचीच. पुढचा सारा गोंधळ याच दीड मीटरने केला.

आता संगणकाकडे वळू. पेटीने आणलेले आकडे म्हणजे जमिनीचे चित्र नव्हे. ते चित्र संगणकाला उलट्या वाटेने शोधावे लागते. तो आधी एक जमीन कल्पून घेतो, 'या जमिनीत या खुंट्यांनी वीज सोडली असती तर काय आकडे आले असते?' असे गणित करतो, ते रानातल्या आकड्यांशी ताडून पाहतो, फरक पडला की कल्पिलेली जमीन थोडी बदलतो, पुन्हा गणित, पुन्हा ताळा. असे करता करता फरक मिटत आला की तीच जमीन आपल्या पुढ्यात ठेवतो. हे गणित साऱ्या जमिनीवर एकदम करता येत नाही. म्हणून जमिनीच्या उभ्या कापाचे हजारो लहान तुकडे पाडतात. तुकड्यांचे हे जाळे. जिथे रेघा एकमेकींना भेटतात त्या गाठी. व्होल्ट किती हे संगणक फक्त गाठींवर काढतो. दोन गाठींच्या मधल्या जागेत काय, तर पट्टी लावल्यासारखा सरळ उतार धरून चालतो.

या सरळ उतारातच मेख आहे. खुंटीपाशी उतार सरळ नसतो. एक उदाहरण घेऊ. जमीन सगळीकडे चाळीस ओहम-मीटरची आहे आणि खुंटीतून शंभर मिलिअँपिअर वीज सोडली आहे. खुंटीपासून एक मीटरवर सुमारे ६३७ मिलिव्होल्ट मिळतात, दोन मीटरवर त्याच्या निम्मे, ३१८. पुढे पन्नास मीटरवरून एकावन्न मीटरवर गेलो तर फरक जेमतेम पाव मिलिव्होल्टचा! खुंटीपाशी रायगडाचा टकमक कडा आणि लांब गेल्यावर सोलापूरकडचे माळरान. माळरानावर पट्टी चालते, कड्यावर चालत नाही. खुंटी जर दोन गाठींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राहिली, तर संगणक कड्याच्या जागी घसरगुंडी धरतो आणि पुढचे सगळे त्या घसरगुंडीवरून घसरते.

चौकोनी जाळ्यात ही आपत्ती हटकून येते. चौकोनी जाळे म्हणजे शाळेतल्या आलेखाचा कागद. त्याच्या गाठी आधीच ठरलेल्या. आमच्या मंडळींनी पहिल्या रात्री घाईने अडीच-अडीच मीटरचे चौकोनी जाळे घेतले होते. त्यात ८० वर गाठ आहे, ८२.५ वर आहे, ८१.५ वर नाही. मग कार्यक्रमाने काय करावे? त्याने मुकाट्याने ती खुंटी उचलून ८२.५ वर नेऊन ठेवली. तेविसावी होती १०९ वर, ती सरकवून ११० वर. रानात घण मारून जी खुंटी दगडामुळे दीड मीटर हलली, ती कागदावर कुणाला न सांगता आणखी एक मीटर चालून गेली.

एक मीटर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. मी तरुणाकडून साधा हिशेब करवून घेतला. पाच-पाच मीटरवरच्या चार खुंट्यांपैकी मधली एक खुंटी अर्धाच मीटर पुढे सरकली आणि ते आपण जमेस धरले नाही, तर चाळीस ओहम-मीटरची जमीन पस्तीसची भासते. अर्ध्या मीटरला बारा टक्के! जमीन आहे तशीच आहे, पण कागदावर ती ओली झाली. आणि गंमत अशी, की संगणकाला खुंटी सरकल्याचे माहीत नसल्यामुळे तो हा ओलावा कुठेतरी बसवून दाखवतो. आकड्यांचा ताळा लागला पाहिजे ना! मग बिचारा जमिनीच्या पोटात एक पाण्याचा खिसा शिवून टाकतो.

पहिल्या चित्रात तसा खिसा होताच. बांधाच्या बुडाशी, ऐंशी मीटरच्या आसपास, पाच-सहा मीटर खोल एक सुरेख निळा ठिपका. चित्र पाहताच मामेभावाचा चेहरा उजळला. गेल्या वर्षी पाणाड्यानेही त्या बांधाकडेच बोट दाखवले होते! विज्ञान आणि नारळ यांचे एकमत झाले, आता आणखी काय हवे? त्याने बोअरवाल्याला फोन लावायला घेतला. तरुण म्हणाला, "दादा, एक रात्र थांबा. हा ठिपका नेमका सरकलेल्या खुंटीखाली आहे, मला त्याचा भरवसा वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने जाळेच बदलले. चौकोन काढून टाकले आणि त्रिकोण घेतले. त्रिकोणांचा स्वभाव चौकोनांहून वेगळा. ते लहानमोठे होतात, तिरके होतात, बांधाचा चढ-उतार जसाच्या तसा घेतात, आणि मुख्य म्हणजे, आपण आधी दिलेल्या कुठल्याही बिंदूला गाठ मानून त्याच्याभोवती बसतात. तेव्हा क्रम उलटला. आधी जाळे आणि मग खुंट्या त्यात बसवणे, हे बंद. आधी अठ्ठेचाळीस खुंट्या वहीतल्या खऱ्या अंतरांवर, खऱ्या उंचीवर ठेवायच्या, त्यांना हात लावायचा नाही अशी संगणकाला ताकीद द्यायची, आणि मग उरलेली जागा त्रिकोणांनी भरायला सांगायचे.

ज्यांच्या घरी दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढतात त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथे ठिपके आधी येतात, रेघा मागून येतात, आणि रेघ ठिपक्यातूनच जावी लागते. फरक एवढाच, की आपली रांगोळी कागदाला भोके पाडून घातलेल्या सारख्या ठिपक्यांची, आणि ही शेतातल्या दगडांनी इकडेतिकडे ढकललेल्या ठिपक्यांची. कोणत्याही वेड्यावाकड्या ठिपक्यांतून चांगले त्रिकोण कसे पाडावेत याचा नियम बोरिस देलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली मांडला. कुठल्याही त्रिकोणाच्या तिन्ही कोनांतून जाणारे वर्तुळ काढले तर त्याच्या पोटात चौथा ठिपका येता कामा नये, हे त्याचे सूत्र. त्याने त्रिकोण फार चिंचोळे होण्याचे टळते. चिंचोळा सुरीसारखा त्रिकोण गणिताला बाधतो. शेवयांसारखे लांबट तुकडे पडले की सरळ उताराचा अंदाज पुन्हा फसतो.

पण ठिपक्यावर गाठ आली म्हणजे काम संपले असेही नाही. खुंटीपाशी कडा आहे, हे मघाशी पाहिले. म्हणून तिथे त्रिकोण वीतभर लांबीचे करतात, आणि लांब जावे तसे हळूहळू मोठे करीत नेतात. एकदम लहानाच्या शेजारी मोठा ठेवला तर पुन्हा घोटाळा. शिवाय जाळे रेषेच्या टोकाशी संपवून चालत नाही. जमिनीतली वीज मामेभावाच्या बांधापाशी थांबत नाही, ती शेजाऱ्याच्या रानातून, रस्त्याखालून पसरत जाते. म्हणून जाळे दोन्ही बाजूंना आणि खाली रेषेच्या लांबीच्या कितीतरी पट ओढतात. तिथले त्रिकोण मात्र एकरभर मोठे असले तरी हरकत नाही. एवढ्याशा रानासाठी हजारो त्रिकोण आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अठ्ठेचाळीस खुंट्यांच्या भोवती गर्दी करून उभे. चित्र पाहिले तेव्हा मला जत्रेत देवळापाशी दाटलेली आणि शिवेपर्यंत विरळ होत गेलेली माणसेच आठवली.

त्रिकोणांचे जाळे घालून जमीन पकडण्याचा उद्योग आपल्या देशाला नवा नाही. विल्यम लँबटन याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट इथे पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला घेतला. या कामात तो वीस वर्षे होता, आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा अंत झाला. त्याच्या त्रिकोणांचे कोपरे टेकड्यांच्या माथ्यांवर होते. टेकडी त्याला निवडता येत होती, एकीवरून दुसरी दिसली म्हणजे झाले. पण एकदा कोपरा ठरला की ठरला! तिथे दगडात खूण कोरायची आणि मग ती टेकडी काही झाले तरी नकाशावर हलवायची नाही, बाकी सगळे तिच्याभोवती जुळवायचे. हिंगणघाटच्या वाटेवर तंबूत बसून खोकत आकडे जुळवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला संगणक मिळाला असता तर त्याने पहिली ताकीद हीच दिली असती असे मला वाटते.

हाच प्रश्न आपल्या सरकारी भूजल सर्वेक्षणापुढेही असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्यभर हजारो निरीक्षण विहिरी ठरवून ठेवल्या आहेत आणि वर्षातून चार वेळा त्यांतल्या पाण्याची पातळी मोजली जाते. या विहिरी कुणी सोयीच्या जागी खोदलेल्या नाहीत, त्या गावात होत्या तिथेच आहेत, कुठे ओढ्याकाठी, कुठे देवळामागे. पाणलोटाचे गणित संगणकावर मांडायचे तर जाळ्याने या विहिरींपाशी यावे, विहिरींनी जाळ्याकडे जाऊ नये. विहीर तर हलणार नाहीच, पण कागदावर ती शंभर मीटर सरकली तर ओढ्याकाठचे पाणी माळावर दिसू लागेल आणि त्या आधारे कुणीतरी माळावर मोसंबीची बाग लावील.

माळेगावचे दुसरे चित्र संध्याकाळी तयार झाले. बांधाखालचा सुरेख निळा ठिपका गेला होता. तिथे आता सरळ काळा दगड, मुरमाचा एक पातळ थर वर आणि खाली घट्टपणा. मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "कालचं बरं होतं की वो." मला त्याच्या बोलण्यात वावगे काही दिसले नाही. पाण्याची आशा एका रात्रीत कुणी रबराने पुसली तर माणूस आणखी काय म्हणणार? दुसरीकडे मात्र, एकतिसाव्या खुंटीखाली, दीडशे मीटरच्या जवळ, पहिल्या चित्रात पुसट असलेला एक पट्टा आता स्पष्ट झाला होता, बारा-तेरा मीटरपासून चोवीस-पंचवीस मीटरपर्यंत खोल, तीस-पस्तीस ओहम-मीटरचा. पहिल्या रात्री तो दिसलाच नव्हता म्हणा ना. खोट्या खिशाची भरपाई करण्यात संगणकाने त्याला फिकट करून टाकले होते.

तरुणाने हातचे राखून सांगितले, आणि त्याचे ते राखून सांगणे मला फार आवडले. तीस-पस्तीसचा आकडा ओल्या भेगाळ खडकाचा असू शकतो, तसाच तो चिकण मातीच्या थराचाही असू शकतो, आणि खारवट पाण्याचाही. कालव्याखालच्या रानांत उसाला पाणी देऊन देऊन जमिनी चोपण झाल्या, खारावल्या, तिथे विजेला फसायला जागा फार. वरच्या अंगाला तो धोका कमी. म्हणून तो म्हणाला, "दादा, इथे नव्वद फुटांपर्यंत बघा. तिथवर नाही लागले तर थांबा. खाली जाऊ नका." मामेभावाने विचारले, हमी देता का? तो म्हणाला, "खुंटी कुठे होती याची देतो. पाण्याची नाही."

दिवाळीनंतर बोअर झाले. त्र्याहत्तर फुटांवर ओल आली आणि ब्याऐंशीवर पाणी. फार नाही. हिवाळ्यात मोटर दोन-अडीच तास चालते, मग पाणी तुटते आणि रात्रीतून पुन्हा भरते. उसाला ते पुरणार नाही आणि मामेभावाने तो नाद सोडलाही आहे. दोन एकर डाळिंब ठिबकवर आणि घरापुरती ज्वारी, एवढे त्यात निघते. बांधाकडे बोट दाखवणारा पाणाड्या पुन्हा आला होता. नवे बोअर पाहून 'मी हेच म्हणत होतो, जरा पलीकडं' असे म्हणून चहा पिऊन गेला.

उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा तो पट्टा किती वाळतो हे पाहायला पुन्हा मोजणी करायची आहे, आणि तीही त्याच अठ्ठेचाळीस जागी, नाहीतर दोन्ही चित्रे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. म्हणून खुंट्या काढल्या तेव्हा प्रत्येक जागी सिमेंटमध्ये एक लोखंडी सळई हातभर खोल पुरली आणि वर रंगाने आकडा घातला. सतरावीवर १७ आणि त्याच्याखाली ८१.५. नांगरताना त्यांना धक्का लागू नये म्हणून मामेभावाने ट्रॅक्टरवाल्याला बजावून ठेवले आहे. ट्रॅक्टरवाला कुरकुरतो, कारण दर पाच मीटरला त्याला वळसा घालावा लागतो. पुढची मोजणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, आणि मिठाचे पाणी या खेपेला तरुणाने आपल्या गाडीतून आणायचे कबूल केले आहे.